आवडता भाग कोणता?

माझ्या थोरल्या साडूंइतक्या गांभीर्याने कार्टून पाहणारा माणूस पुण्यात झाला नाही, आणि जे पुण्यात झालं नाही ते इतरत्र कुठे झालं असेल असं मानायला निदान मी तरी तयार नाही. कर्वेनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत केबल आली ती देशाची दारं उघडली त्या सुमाराला. बाकीच्यांनी त्या दारांतून शीतपेयं, मोटारी आणि नोकऱ्या आत घेतल्या. आमच्या साडूंनी एक साळिंदरांचं कुटुंब आत घेतलं. ते आलं ते वर्षानुवर्षं हललंच नाही, कारण ती परदेशी मालिका संपायचं नावच घेत नव्हती. साळिंदर बाप फुग्यांच्या कारखान्यात नोकरीला असतो, एवढं सांगितलं की तिच्यात काय चालत असेल ते तुमच्या लक्षात येईल. साडू सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, तेही हाताने. पहिल्यांदा ती मालिका पाहिली तेव्हा ते हसले नव्हते म्हणे. नुसते टीव्हीपर्यंत चालत गेले, चष्मा कपाळावर सरकवून बापाच्या पाठीवरचे काटे जवळून न्याहाळले आणि म्हणाले, "प्रत्येक काटा वेगळा काढलाय. कुठल्या कचेरीत होतं हो हे?" त्या दिवसापासून ते त्या मालिकेचे झाले.

मालिका गुरुवारी संध्याकाळी लागायची. त्या अर्ध्या तासात घराला जी शिस्त चढायची ती साडूंच्या कचेरीला उभ्या जन्मात चढली नसेल. फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला जायचा. कुकरची शिट्टी कुठे विनोदावर येऊ नये म्हणून माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, गॅस बंद करून हातात पक्कड घेऊन उभ्या असायच्या. बोलायचं ते जाहिरातीत. मला एकदा मध्येच शिंक आली, तर जाहिरात लागेपर्यंत थांबून साडू शांतपणे म्हणाले, "आता द्या." केबलवाल्याने एकदा चॅनेलांचे नंबर बदलले आणि साळिंदरं हरवली. हे इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या टपरीवर गेले आणि साळिंदरं सापडेपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून राहिले. रागावले अजिबात नाहीत. केबलवाला मला पुढे म्हणाला, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ते नुसते माझ्याकडे बघत होते हो.

भागांना मूळची इंग्रजी नावं होती, पण ती त्यांनी बाद केली होती. सोफ्याचा भाग, बढतीचा भाग, सासूबाईंच्या विमानाचा भाग अशी त्यांची स्वतःची नावं होती आणि जगातल्या यच्चयावत अडचणींवर त्यातला एकेक भाग लागू पडायचा. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून रण माजलं, मी वैतागून सांगायला गेलो, तर ऐकून घेऊन म्हणाले, "हे सगळं सासूबाईंच्या विमानात होऊन गेलंय, फार मनावर घेऊ नका." मी नवा सोफा घेतला तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. सोफ्याच्या भागात साळिंदरांकडे नवा सोफा येतो आणि त्याला भोकं पडू नयेत म्हणून सगळं कुटुंब पाहुण्यांसमोर संध्याकाळभर उभं राहतं. साडू आमचा सोफा बघायला आले आणि त्या भागाला मान म्हणून जाईपर्यंत उभे राहिले. चहा उभ्याने, भजी उभ्याने. त्यांना मूळव्याध झालाय असा समज करून घेऊन माझ्या बायकोने दुसऱ्या दिवशी ताक आणि सुरण पाठवलं, ते त्यांनी कसलाही खुलासा न करता खाल्लं.

या सगळ्यात त्यांची एकच भागीदार होती, त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची. खरं तर टीव्हीवरचं इंग्रजी ऐकून पोरीचं इंग्रजी सुधारेल या सबबीखाली मालिका सुरू झाली होती. ते खुर्चीत आणि ती खाली, त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकून. भरधाव इंग्रजी ती त्यांना जाहिरातीत समजावून द्यायची आणि चित्रातली रेघ ते तिला. पुढे पुढे दोघं विनोदाच्या आधीच हसायला लागली. ती शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून येरवड्याच्या बाजूला एका संगणक कंपनीत गेली, तिचा पगार बापाच्या पगाराच्या पुढे गेला, कचेरीत संगणक येऊन बापाचे पेन खोक्यात गेले, पण गुरुवारी ती कंपनीच्या बसमधून उतरली की चप्पलसुद्धा न काढता धावत यायची आणि गुडघ्याला पाठ टेकायची. मी ते दृश्य पाहिलंय. कोणालाही हेवा वाटावा असंच होतं ते.

त्यांचा सगळ्यात आवडता भाग न्हाव्याचा. साळिंदराच्या मुलीचा वाढदिवस असतो, घर फुग्यांनी भरलेलं असतं आणि बाप घरात शिरला की एकही फुगा उरणार नाही हे उघड असतं. म्हणून तो गुपचूप न्हाव्याकडे काटे कापून घ्यायला जातो. खुर्चीत बसतो, न्हावी कात्री उचलतो, आणि तेवढ्यात मुलगी धावत दुकानात शिरते, बापाच्या अंगावरचा कपडा ओढून काढते आणि म्हणते, फुगे नकोत, तुम्ही चला. बस, एवढंच. या ठिकाणी साडू दर वेळी चष्मा पुसायचे आणि जाहिरात नसतानाही बोलायचे. "काचा खराब झाल्यात," म्हणायचे.

भाचीचं लग्नाचं वय झालं आणि खरी धमाल सुरू झाली. कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला लोक शिक्षण विचारतात, पगार विचारतात, फ्लॅट स्वतःचा का विचारतात. साडू बशी रिकामी होईपर्यंत गप्प बसायचे आणि मग अत्यंत आदराने विचारायचे, "आपला आवडता भाग कोणता?" पहिला मुलगा गोंधळला आणि कार्टून बघणं आपण लहानपणीच सोडलं असं म्हणाला. "सोडून काय मिळवलंत?" एवढाच यांचा पुढचा प्रश्न. दुसरा हुशार होता, तो म्हणाला, सगळेच आवडतात. सगळे म्हणजे एकही नाही, असं त्याच्या वडिलांदेखत ठरवून टाकण्यात आलं. अशी चांगली चांगली स्थळं हातची गेल्यावर ताईंनी मध्यस्थ बाईंमार्फत मुलाकडच्यांना आतून निरोप द्यायला सुरुवात केली, की असं असं विचारतील, तर सोफ्याचा भाग म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. पण घाईत त्यांनी सगळ्यांना एकच भाग सांगितला. पहिल्याने सोफ्याचा म्हटल्यावर साडू खूश झाले. दुसऱ्यानेही सोफ्याचाच म्हटल्यावर विचारात पडले. तिसऱ्याने प्रश्न पुरता व्हायच्या आत "सोफ्याचा" म्हटलं, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साडूबुवा, पेपर फुटलाय." तिघांनाही नकार गेला.

हसून हसून आमची पुरेवाट व्हायची, पण ताईंना हसू येईनासं झालं होतं. एकदा त्या माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "पोर घरात राहील आणि तुम्ही साळिंदरं बघत बसा."  मला तेव्हाच कळून चुकलं होतं की हा गृहस्थ जावई शोधत नाहीये, हा नापास करायला मुलं शोधतोय. उत्तर कोणतंही आलं असतं तरी चुकीचंच ठरलं असतं. कारण बरोबर उत्तर देणारा त्यांच्या गुडघ्याला टेकलेली पाठ उचलून घेऊन जाणार होता.

मग भाचीनेच आपल्या कंपनीतला एक मुलगा सुचवला. वाशीमकडचा, वाघोलीला मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. तिने आईला बजावलं की याला कुणी काही पढवायचं नाही, बाबांनी विचारायचं ते विचारू दे, आणि हा नापास झाला तर यापुढे मी कोणासमोर पोहे घेऊन येणार नाही. ती हे आवाज न चढवता म्हणाली, त्यामुळे ताईंचं धाबं आणखीच दणाणलं. त्या दिवशी पोह्यांत मीठ दोनदा पडलं. मुलगा एकटाच आला, त्याचे वडील गावी मास्तर होते आणि जमलं तर मग येणार होते. त्याने ते खारट पोहे मुकाट्याने संपवले. साडूंनी घसा साफ केला आणि प्रश्न टाकला.

मुलाने रिकामी बशी खाली ठेवली. "खोटं कशाला बोलू, काका," तो म्हणाला, "मी एकही भाग पुरा पाहिला नाही. आमच्याकडे भाग सुरू व्हायचा, अन् अर्ध्यात लाइन जायची. भारनियमनच होतं तसं. इंग्रजी ऐकायची सवय व्हावी म्हणून बाबा बसवायचे टीव्हीसमोर. मला सगळ्या भागांची फक्त सुरुवात माहीत आहे."

ताईंनी डोळे मिटून घेतले. साडूंच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. मग त्यांनी हळूच, चाचपून बघावं तसं विचारलं, "बढतीच्या भागाची सुरुवात सांगा बरं." त्यावर त्या मुलाने जी काही सुरुवात सांगितली! कारखान्याच्या फाटकावरच्या फुग्याचा रंग, बापाच्या डब्यातली भाजी, साहेबाच्या टायवरचे ठिपके, काही म्हणजे काही सोडलं नाही. अर्धंच मिळायचं म्हणून पोराने ते पाठच करून टाकलं होतं. आणि उरलेल्या अर्ध्यात काय असेल याचे तर्क तो गावातल्या पोरांबरोबर अंधारात बसून लढवायचा. ते तर्क ऐकून साडू खुर्चीतून उठलेच. "चूक, साफ चूक, ऐका," म्हणत त्यांनी शेवट सांगायला घेतला, सांगता सांगता करून दाखवायला घेतला. मुलगाही उभा राहिला. विमानातल्या सासूबाई झाल्या, बसचा भाग झाला, साडूंनी पंचा डोक्याला गुंडाळून सासूबाईंचं काम केलं. चहा निवला, शेजारचे डोकावून गेले, आणि वधुपरीक्षेला म्हणून सजून बसलेली माझी भाची कोपऱ्यात पोट धरून हसत होती. जन्मभर शेवट सांगायला माणूस शोधत होते की काय हे, असं वाटावं इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

मग मुलाने विचारलं, "काका, अन् ते न्हाव्याचं? तो बाप खुर्चीत बसतो, न्हावी कात्री उचलतो, अन् लाइन जायची. इतकी वर्षं मी हाच विचार करून राहिलो, की त्यानं काटे कापले का नाही?"

साडूंनी डोक्याचा पंचा सोडून त्याची नीट घडी घातली, खुर्चीत बसले, एकदा मुलीकडे बघितलं. 

"तो शेवट आज नको," ते म्हणाले. "पुन्हा या, तेव्हा बघू."

पुण्यात "पुन्हा या" याचा अर्थ आता निघा असा होतो हे मला माहीत आहे. पण ताई त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिल्या होत्या. त्या डोळे पुसत उठल्या आणि सरळ साखरेचा डबा घेऊन आल्या.

लग्न झालं. नवराबायको वाघोलीला राहू लागली आणि दर रविवारी शहर आडवं कापून मोटरसायकलवरून कर्वेनगरला येऊ लागली. दर रविवारी जेवणं झाली की जावई न चुकता विचारायचा, बाबा, न्हाव्याचं काय झालं? आणि साडू न चुकता पुढच्या रविवारवर टाकायचे. तोवर घरोघर इंटरनेट आलं होतं, जावयाने मनात आणलं असतं तर तो भाग त्याला कधीही बघता आला असता. माझी भाचीही सांगू शकली असती, तिला तो तोंडपाठ होता. पण तिने सांगितलं नाही आणि त्याने पाहिला नाही. मी एकदा तिला छेडलं तर म्हणाली, "काका, तो शेवट बाबांचा आहे. ते सांगतील तेव्हा सांगतील." अशी माणसं एका घरात एकत्र यायला नशीब लागतं, आणि ते साडूंनी काढलं होतं.

पुढे कंपनीने दोघांनाही अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आधी वर्षभरासाठी म्हणाले, मग त्याबद्दल कोणी नेमकं बोलेना. निघायच्या दिवशी गाडीत बॅगा चढल्या, दोघं सगळ्यांच्या पाया पडली. साडूंपुढे वाकून उठताना जावई हळूच म्हणाला, "बाबा, आता तरी सांगा."

"परत आल्यावर," साडू म्हणाले आणि बॅगेचा पट्टा उगाचच ओढून पाहू लागले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. फोन येतात, फोटो येतात, नात झालीय ती इंग्रजीत हसते. मालिका अजून चालू आहे, पण आता काटे संगणकावर काढतात, ते साडूंना रेघेवरून लगेच कळतं आणि ते नव्या भागांना नावं ठेवत नाहीत, म्हणजे नावं देतच नाहीत. जुने भाग संध्याकाळी पुन्हा दाखवतात तेव्हा मी अधूनमधून जाऊन बसतो. गेल्या गुरुवारी नेमका न्हाव्याचा लागला. साडू खुर्चीत, मी बाजूला, ताई दारात. बाप गुपचूप घरातून निघाला, दुकानात शिरला, खुर्चीत बसला. न्हाव्याने कात्री उचलली. आता मुलगी धावत येणार म्हणून मी साडूंच्या चष्म्याकडे बघितलं, तर त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला होता.

डोक्यावर दिवा चालू होता, पंखा फिरत होता. 

"लाइन गेली," साडू म्हणाले.