अख्खे खेकडे

कमळाबाईला आता फक्त बसायचं होतं. देव पुढ्यात उभा राहून "माग" म्हणाला असता, तर तिने सोनं-नाणं मागितलं नसतं. भिंतीला टेकून बसायला एक जागा मागितली असती आणि वर एवढंच म्हणाली असती, की मला कुणी ऊठ म्हणू नये. पण देव काही आला नाही. यायच्या त्या राजेश्वरीबाई, दर शनिवारी पुण्याहून, मोटारीत पाहुणे भरून.

वलवणला धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजेश्वरीबाईंचा बंगला. कमळाबाई तिथे वीसेक वर्षं स्वयंपाक करत होती. वाडी वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. तिथून पायवाटेने उतरायचं, दिवसभर बंगल्यात उभं राहायचं आणि अंधार पडायच्या आत पुन्हा चढायचं. उतरताना गुडघे कुरकुरायचे, चढताना शिव्या द्यायचे. बरं, काम म्हणजे नुसता स्वयंपाक असता तरी चाललं असतं. हवा खायला आलेल्या माणसाला भूक कधी लागेल याचा नेम नसतो. एकाला दुपारी चहा, दुसऱ्याला तेव्हाच कॉफी. ढग दिसले की भजी आणि ऊन पडलं की सरबत. एक जण तेल खात नाही, एक दूध पीत नाही, आणि एका पाहुणीला तर कांदा चालायचा पण तो दिसायला नको असायचा. कमळाबाईने सगळ्यांचं सगळं केलं. गोड मानून केलं, हे खरं, पण गोडालासुद्धा कधीतरी मुंग्या लागतातच.

तिची सून सुषमा. सनीची बायको. सनी लोणावळा स्टेशनवर रिक्षा चालवायचा, आणि सुषमा दोन वर्षं सासूच्या हाताखाली बंगल्यावर यायची. भाजी चिरायची, भांडी घासायची, मोबाइलवर बघून केकसुद्धा करायची. पोरगी हुशार होती आणि मुख्य म्हणजे तिचे गुडघे नवे होते. शिमग्यानंतर कमळाबाईने धीर केला आणि राजेश्वरीबाईंना म्हणाली, "म्याडम, आता माज्या जागी सुषमाला घ्या. मला बसू द्या."

राजेश्वरीबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या. "एक मोठं जेवण तिला एकटीला करू दे. तुम्ही हात लावायचा नाही. तिला जमलं, तर तुम्ही मोकळ्या."

त्या दिवसापासून कमळाबाई त्या एका जेवणाकडे डोळे लावून होती.

ते जेवण आलं आणि सोबत एक यंत्र घेऊन आलं. राजेश्वरीबाईंनी गाडीतून स्वतः उचलून आणलं. लांबट, काळं, वर काचेचं झाकण आणि पुढे एक चकती. स्लो कुकर म्हणे. शिवाय एक थर्माकोलचं खोकं, त्यात बर्फावर कोळंबी आणि मोठाले समुद्री खेकडे, नांग्या दोरीने बांधलेले.

"सीफूड बॉइल करायचं," राजेश्वरीबाई म्हणाल्या. त्या आनंदात होत्या. अमेरिकेला लेकीकडे गेल्या होत्या, तिथे त्यांनी ते खाल्लं होतं. टेबलावर कागद पसरायचे, सगळं त्यावर ओतायचं आणि चारी बाजूंनी बसून हातांनी खायचं. "इतकी वर्षं आम्ही मैत्रिणी काट्या-चमच्यांनी जेवतोय. एकदा तरी सगळ्यांचे हात बरबटलेले बघायचेत मला." मग त्यांनी सुषमाला नीट समजावून सांगितलं. आधी बटाटे, कांदे, लसूण, लिंबू, लोणी, मसाला आणि पाणी. ते तासन् तास शिजू द्यायचं. मग मक्याची कणसं. खेकडे शेवटी आणि कोळंबी अगदी शेवटी. सुषमा मान हलवत होती. हे सगळं चाललं होतं तेव्हा कमळाबाई परसदारी कोथिंबीर निवडत होती. हात लावायचा नाही म्हटल्यावर ऐकायला तरी कशाला जायचं, असा तिचा बाणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमाने यंत्र लावलं. कमळाबाईला स्वयंपाकघरात एक स्टूल मिळालं. कामाच्या वेळी त्या घरात ती पहिल्यांदाच बसली.

बसली खरी, पण चैन पडेना. त्या यंत्रात काही होतच नव्हतं. जाळ नाही, आवाज नाही, वास नाही. काचेच्या आत बटाटे गप पडलेले. तिने झाकणावर हात ठेवून पाहिला. "ह्ये जागं हाय का?" तिने विचारलं.

"हाय, आत्या. हळूहळू शिजतंय."

"हळूहळू म्हंजी किती? इतक्यात तर म्या वरातीचं जेवान उतरवलं आसतं."

सुषमा हसली. तिने खेकडे ब्रशने घासून स्वच्छ केले, दोऱ्या काढल्या आणि एका टोपात झाकून ठेवले. राजेश्वरीबाई पाहुण्यांना घेऊन धरणाकडे फिरायला गेल्या होत्या. जेवण वर गच्चीत होतं. रात्रीच्या सरीने खुर्च्या भिजल्या होत्या.

"आत्या, मी वरचं टेबल मांडून येते. तुमी नुसतं बसा. कायबी करू नका."

"न्हाई करत, बाई. जा."

आणि ती बसली. थोडा वेळ खरंच बसली. पंखा चालू होता. किती वर्षांत अशी दुपारची भिंतीला पाठ टेकली नव्हती. डोळे मिटायला लागले. मग तिला टोपाची आठवण झाली.

खेकडे तसेच होते. अख्खे. पाठीचं कवच जागेवर, तंगड्या जागेवर. कच्ची पोर! साफ केले आणि विसरून गेली. अख्खा खेकडा कुणी रश्श्यात टाकतं का? तिच्या घरात तर खेकडा म्हणजे अर्धा मसाला. नवरा बहिरू ओढ्याच्या दगडांखाली हात घालून काळे खेकडे धरायचा, आणि ती तंगड्या तोडून, पाट्यावर ठेचून, पाण्यात कुस्करून त्यांचा रस गाळून घ्यायची. तो रस पडल्याशिवाय कालवणाला खेकड्याचं म्हणायचंच नाही, असा वाडीचा कायदा. सर्दी झालेल्या पोराला तोच रस, बाळंतिणीला तोच रस. नुसता खेकडा उकडून वाढला तर पाहुणा तोंडावर काही बोलणार नाही, पण गावभर सांगेल की त्या घरात बाईमाणूस नाही.

आता पाहुणे येतील, अख्खा खेकडा बघतील आणि हसतील. म्याडम म्हणतील, हिला काही येत नाही. मग पुन्हा तीच पायवाट, तोच ओटा, तेच उभं राहणं. नको. एवढी एक गोष्ट सावरून दिली, तर कुणाला कळणारही नाही. ती दाराशी गेली, जिन्याकडे पाहिलं. वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

जित्याची खोड म्हणतात ती अशी. ज्या बाईला बसायचं होतं, ती उठली.

हात मात्र तरण्या पोरीसारखे चालले. कवचं निघाली. तंगड्या, नांग्या, सगळं सुटं झालं. खलबत्ता काढला, तंगड्या ठेचल्या. नांग्या मोठ्या, सहज वाटल्या जाणार नाहीत, म्हणून त्याही फोडून घेतल्या. पाणी घालून पिळलं, गाळलं. दाट, करडा, फेसाळ रस निघाला. असा रस ओढ्याच्या खेकड्यालाही कधी निघाला नव्हता. तिने काचेचं झाकण उचललं, रस आत ओतला, खेकड्यांची धडं सोडली आणि झाकण लावलं. चोथा कागदात गुंडाळून बाहेर टाकला. मग स्टुलावर येऊन बसली आणि दम खाल्ला. आता यंत्रातून जरा माणसासारखा वास यायला लागला होता. तिला फार बरं वाटलं.

सुषमा खाली आली. खेकडे सोडायचे म्हणून टोपाचं झाकण काढलं. टोप रिकामा. तिने कुकरमध्ये पाहिलं आणि ती जागीच थिजली.

"आत्या, ह्ये काय क्येलं?"

"तू इसरली व्हतीस. म्या ठेचून घातलं. कुनाला सांगत न्हाई, तू भिऊ नगंस."

"मी इसरले नव्हते." सुषमाचा आवाज रडवेला झाला. "ते अख्खंच टाकायचं व्हतं. टेबलावर फोडून खायाचं व्हतं त्यांना. त्याच्यासाठीच तर सगळं."

कमळाबाईला आधी कळेना. कळलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. इतकी वर्षं तिने लोकांच्या तऱ्हा पाहिल्या, पण माणसं पुण्याहून वलवणपर्यंत तंगड्या फोडायला येतील हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. फाटकात गाडी वाजली. तसले खेकडे आता कुठून आणणार? सुषमाने डोळे पुसले, कोळंबी टाकली आणि वेळ झाल्यावर कुकर उचलून वर नेला.

खाली कमळाबाई कान देऊन उभी राहिली. आधी हसणं, मग टाळ्या, मग ओतल्याचा आवाज. मग कुणीतरी विचारलं, "अगं, आणि खेकडे?"

चव वाईट नव्हती. एका गृहस्थांनी बटाटे दुसऱ्यांदा घेतले आणि पाव मागवला. पण राजेश्वरीबाईंनी आदल्या आठवड्यापासून मैत्रिणींना जे सांगून ठेवलं होतं, ते टेबलावर नव्हतं. कागदावर करड्या पाण्याचे ओघळ पसरले होते आणि खेकडे फोडायला आणलेली नवी पकड कुणी हातातही घेतली नाही. सगळे समजूतदारपणे जेवले. यजमानिणीला यापेक्षा मोठी शिक्षा नसते.

भांडी खाली आली, पाठोपाठ राजेश्वरीबाई. त्या ओरडल्या नाहीत. दमलेल्या दिसत होत्या.

"सुषमा, मी तुला किती नीट सांगितलं होतं. खेकड्यांचं हे काय केलंस?"

सुषमाने मान खाली घातली. सासू दोन पावलांवर उभी होती. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं, म्याडम," एवढंच म्हणाली.

"हरकत नाही. पण अजून वर्षभर तू कमळाबाईंच्या हाताखालीच राहा. मग बघू."

वर्षभर. कमळाबाईला वाटलं, आपण इथेच खाली बसकण मारावी. त्याच वेळी तिला हेही दिसत होतं, की आपण गप्प बसलो तर या कानाचं त्या कानाला कळणार नाही. सून बोलणार नाही. कमळाबाईच्या हाताला या बंगल्यात कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. पाहुणे स्वयंपाकघरात येऊन तिला नमस्कार करून जायचे. एवढं एकच तर तिने या ओट्याजवळ उभं राहून कमावलं होतं. ते हातचं घालवायचं तिच्या फार जिवावर आलं.

"म्याडम, तिनं न्हाई क्येलं," ती म्हणाली. "म्या क्येलं. तिनं बसा म्हनून सांगितलं व्हतं, तरी म्या उटले. तिला समदं ठावं व्हतं. मलाच न्हाई कळलं."

राजेश्वरीबाईंनी हातातली पकड ओट्यावर ठेवली.

"माजं डोस्कं आता नव्या गोष्टीला चालत न्हाई. ध्यानात ऱ्हात न्हाई. मला ठिवलं तर म्या अजून कायबाय बिघडवीन. तिला ठिवा, मला जाऊ द्या."

बोलून झाल्यावर ती थांबली. तिला वाटलं, आता म्याडम म्हणतील, असं कसं बोलता कमळाबाई, एका जेवणाने काय होतं. निदान एकदा तरी म्हणतील. मग आपण म्हणू, न्हाई, आता खरंच पुरे. त्या पुन्हा आग्रह करतील. जाणाऱ्या माणसाला दारापर्यंत सोडायची रीत असते.

राजेश्वरीबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो कमळाबाईला ऐकू आला.

"बरं झालं तुम्हीच बोललात," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "बरेच दिवस माझ्या मनात होतं. चहात मीठ, भाजी करपलेली... मीच सगळ्यांना सांगायचे, काही बोलू नका त्यांना. तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं." त्यांनी कमळाबाईचा हात हातात घेतला, दाबला आणि सुषमाकडे वळल्या. "मग तू उद्यापासून. सकाळी लवकर ये हं."

चहात मीठ कधी पडलं होतं, हे कमळाबाईला आठवेना. तिने आठवून पाहिलं. पाहुणे नमस्कार करून जायचे तेव्हा हसायचे, ते हसू तिला आता एकेक करून आठवायला लागलं.

दोघी बाहेर पडल्या. सुषमा पुढे चालत होती आणि मधूनमधून थांबत होती. चढ लागला तशी तिला राहवलं नाही. तिने मागे वळून सासूचा हात धरला. तिचा चेहरा फुलला होता.

"आत्या, झालं बगा तुमच्या मनासारकं. आता उद्यापास्नं निवांत बसायचं."

"व्हय," कमळाबाई म्हणाली. थोडं चालून गेल्यावर तिने विचारलं, "सुषमे, च्यात मीठ पडलं व्हतं का गं कदी?"

सुषमाने फक्त हात अजून घट्ट धरला आणि ती सासूच्या चालीने चालायला लागली.