‘राहू दे’ कोणाला म्हणालास?

आमच्या घरात पाठ केलेली प्रार्थना चालायची नाही. गावाला निघताना, परीक्षेच्या सकाळी, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की घरातल्या कर्त्या पुरुषाने उभं राहायचं आणि मोठ्याने, आपल्याच शब्दांत देवाशी बोलायचं. माझ्या सासऱ्यांनी नगरकडच्या मिशनच्या आवारात हेच केलं, आणि रेल्वेच्या नोकरीत मद्रासला बदली होऊन आल्यावर आमच्या ह्यांनीही हेच केलं. तशी मीही करते. चर्चमधल्या बायकांच्या सभेत तर करतेच, आणि बरी करते म्हणतात. पण घरची प्रार्थना म्हटली की ती ह्यांची.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की घशातली गाठ काढावी लागेल आणि आवाज राहील की जाईल ते आत्ता सांगता येत नाही, तेव्हा ऑटोत बसल्याबसल्या हे काय बोलले असतील?

“ऑपरेशनच्या सकाळी प्रार्थना मुलगा करेल. पुढे घर त्यालाच चालवायचंय. एकदा ऐकून घेतो.”

गाठीची काळजी होतीच, आता ही दुसरी. कारण मला ठाऊक होतं ते ह्यांना ठाऊक नव्हतं. आमचा मुलगा देवाला मानत नव्हता.

तो मद्रासमध्येच, अंबत्तूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. देव नाही हे पटवून देणारी जाडजूड परदेशी पुस्तकं तेव्हा फार निघाली होती, आणि कंपनीतल्या पोरांच्या जेवणाच्या टेबलावर ती हातोहात फिरत. त्यातलं एक आमच्या फ्रीजवर आलं, शाळेच्या पुस्तकासारखं वर्तमानपत्राचं कव्हर घालून. मी सातवी शिकलेली. इंग्रजी काय ती डिक्शनरी घेऊन शिकले. तशीच डिक्शनरी घेऊन हेही अर्धंअधिक वाचलं. लिहिणारा हुशार होता, हसवतही होता. पुस्तकाची भीती नाही वाटली मला. ओळींखाली मुलाने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, त्या रेघांची वाटली.

शेवटी एका संध्याकाळी त्याला स्वयंपाकघरात गाठलंच. हे बाहेरच्या खोलीत पडून होते, म्हणून हळू आवाजात.

“काय रे, हे सगळं पटतं तुला?”

“पटतं. आई, तू ख्रिस्ती घरात जन्मलीस म्हणून ख्रिस्ती. खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींच्या पोटी आली असतीस तर रोज सकाळी दारात कोलम घातलं असतंस.”

“घातलं असतं की! त्यांच्याहून बरी रांगोळी काढली असती. आणि तू त्या टेबलावर जेवला नसतास तर हे पुस्तक हातात धरलं नसतंस. म्हणून ते खोटं ठरतं का? विचार कुठून आला ह्यावरून तो खरा की खोटा ते कसं कळणार? तू इथे वाढलास म्हणून तुला तमिळ येतं. मग काय तमिळ खोटं?”

तो हसला. “तू आमच्या टेबलावर यायला हवंस.”

“येते. डबा कोण देईल?”

असं हसून बोलायचो आम्ही, पण माझे कान बाहेरच्या खोलीकडे. ह्यांनी कूस बदलली तरी मी कढईत उगाच झारा वाजवायची.

त्याच सुमारास त्याने घाईत मामींच्या कोलमवरून टू-व्हीलर काढली. मामी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “उंग पय्यनुक्कु भयभक्तीये इल्लै.” म्हणजे तुमच्या पोराला भयभक्तीच नाही. मी त्याला रागावले, तर त्याला वेगळाच आनंद.

“बघ! तमिळ लोकांनी किती बरोबर पकडलंय. आधी भय, मग भक्ती. माणूस मरणाला भ्यायला आणि त्याने देव बनवला.”

त्या वर्षांत पाण्याची फार टंचाई होती. आमच्या वेस्ट मांबलमच्या गल्लीत टँकर यायचा आणि आम्ही बायका प्लास्टिकचे कुडम घेऊन धावायचो. कुडम म्हणजे इथली घागर. मी म्हटलं, “भरलेलं कुडम घेऊन तीन मजले चढताना मी जीव मुठीत धरून चढते. कुडम काय मला चावणार आहे? हातातलं मोलाचं आहे, सांडेल, म्हणून पाय जपून पडतो. भयभक्ती ती. कुत्र्याला भिणं वेगळं.”

त्याने मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग म्हणतो कसा, “कुडम बरोबर आहे, आई. पण त्यात पाणी आहे का, हा माझा प्रश्न आहे.”

मी गॅसवरची कढई उतरवली.

आणि मग त्याने बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. “ज्याने आयुष्यात विडी ओढली नाही, रविवार चुकवला नाही, गळ्याने फक्त गाणी म्हटली, त्याच्याच गळ्यात गाठ. सांग, का?”

“नाही माहीत.”

“मग?”

“मग काय? देव नाही म्हटलं म्हणून गाठ जाते का? ती राहतेच. फक्त भांडायला कोणी उरत नाही. मी रोज भांडते त्याच्याशी. तू कोणाशी भांडतोस?”

“तुझ्याशी,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. तेव्हा मला कळलं की हा पोरगाही माझ्याइतकाच भ्यालाय.

सभेतली एक मैत्रीण म्हणाली, “एवढं काय गं? दोन वाक्यं बोलून टाक म्हणावं. बापाचं समाधान.” मला मात्र दोन्हीकडून धास्ती. नाही म्हणाला तर हे ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधीच खचणार. आणि नाटक केलं तर? मग मुलाच्या मनात कायमचं बसणार की आमच्या घरातली प्रार्थना म्हणजे असंच नाटक.

ह्यांनी त्याला सांगितलं तेव्हा तो नुसता “हो पप्पा” म्हणाला आणि सरळ माझ्याकडे आला.

“काय करू?”

“खोटं बोलू नकोस. आणि त्यांना दुखवू नकोस.”

“दोन्ही कसं जमेल?”

“मला विचारू नकोस रे.”

ऑपरेशनच्या सकाळी ह्यांना हिरवा झगा घातलेला. स्ट्रेचरची गाडी दाराशी येऊन थांबली. नर्स म्हणाली, पाच मिनिटं घ्या. ह्यांनी मुलाकडे पाहिलं, हात जोडले, डोळे मिटले. मी कधी नव्हे ते डोळे उघडे ठेवले. मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड उघडायचं, मिटायचं. एवढा वेळ घरच्या प्रार्थनेत कधी कोणी गप्प राहिलेलं नाही.

मग तो बोलला. त्याचं मराठी तसं अडखळतंच, ऑफिसात इंग्रजी, दोस्तांत तमिळ. “मला... पुष्कळ भीती वाटते. पप्पांना सगळे शब्द येतात, मला येत नाहीत. मला खरं तेवढंच बोलायचंय. पप्पांचा आवाज राहू दे.”

आणि थांबला.

“आमेन,” हे म्हणाले. डोळे उघडून माझ्याकडे बघून म्हणाले, “बरी केली. लहान केली, पण बरी केली.” आणि गाडी आत गेली.

आवाज राहिला. पूर्वीचा नाही, घासलेला, शेजारच्या खोलीत पोचणार नाही असा. पुढची वर्षं हे त्या आवाजात हळू प्रार्थना करायचे आणि आम्ही जवळ सरकून ऐकायचो. मुलाने पुन्हा कधी केली नाही आणि ह्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.

पण त्या ‘राहू दे’ने माझा पिच्छा सोडला नाही. नुसती इच्छा असली तर ‘राहो’ म्हणतात. ‘राहू दे’ म्हटलं की देणारा कोणीतरी समोर लागतो. हे घरी आल्यावर, कपडे वाळत घालताना, मी त्याला विचारलंच. “‘राहू दे’ कोणाला म्हणालास रे?”

तो चिमटे हातात घेऊन उभा राहिला. “मराठीत तसंच म्हणतात ना, आई? पाऊस पडू दे, गाडी वेळेवर येऊ दे...”

“हो, म्हणतात,” मी म्हटलं आणि पुढची चादर झटकली.

आणखी विचारलं नाही. तो विचार करून उत्तर देणारा मुलगा आहे. पुन्हा विचारलं असतं तर त्याने खरंच नीट विचार केला असता, आणि ‘कोणालाच नाही’ असं म्हणाला असता. आज इतकी वर्षं झाली. तो रविवारी फोन करतो, सगळं बोलतो. तो एक प्रश्न जिभेवर येतो आणि मी भिऊन गिळते.