बोलावणं नाही, हे सांगायला

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये तालीम होते, आणि तालमीनंतरचं जेवण नवऱ्या मुलाची आई देते. नेब्रास्कातल्या आमच्या गावात लग्नापेक्षा या जेवणाचीच चर्चा जास्त. कोणाला बोलावलं, कोणाला गाळलं.

लग्न ट्रेव्हरचं, माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं. त्याची आई लव्हॉन कुचेरा, म्हणजे आमच्या काकू, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतात. जेवणासाठी हॉटेलची मागची खोली ठरली होती. तिथे बत्तीस खुर्च्या. लग्नात वधूवरांबरोबर उभे राहणारे, त्यांत मीही, आणि विमानाने येणारे पाहुणे धरले की त्या भरत होत्या. गावातले अकरा नातेवाईक उरले.

"एकाला बोलावलं की दहा रुसतील," काकू म्हणाल्या. "म्हणून गावातलं कोणीच नाही."

"मग गप्प राहा ना. कळेल त्यांना आपोआप."

चालत्या बसमध्ये उभ्या राहिलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लग्नाआधीच्या शनिवारी पहाटे उठून त्यांनी खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजले. अकरा खोकी भरली. ती सांभाळायला मला गाडीत घेतलं. मग दारोदार जाऊन त्या एकच गोष्ट सांगत राहिल्या. "लग्नाला यायचंच आहे. तालमीच्या जेवणाला मात्र बोलावणं नाही. हे मीच येऊन सांगावं म्हटलं."

शूर माणसं मी पुस्तकांत खूप पाहिली होती. ती घोड्यावर असायची.

रूडीकाका पोट धरून हसले. "लव्हॉन, ट्रेव्हरला दुसरं लग्न करायला सांग. तेव्हाही बोलावू नकोस, फक्त हे खोकं घेऊन ये!" एका चुलत जावेने खोकं घेतलं आणि दार लावून टाकलं. काकू बंद दाराला "येते हं" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

शेवटचं घर आर्डिथताईंचं. ट्रेव्हरची सख्खी आत्या. ट्रेव्हरचे वडील गेल्यावर काकूंनी शेत विकलं. आर्डिथताई त्या शेतातल्या घरात जन्मलेल्या. त्यांना ते कळलं पेपरातल्या लिलावाच्या जाहिरातीतून. सात वर्षं त्या काकूंशी बोलल्या नाहीत. गेल्या ईस्टरला आर्डिथताईंनीच बिटाच्या लोणच्याची बरणी पाठवली, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

काकूंनी गाडी बंद केली, पण उतरल्या नाहीत.

"यांना बोलवा ना," मी म्हणाले. "माझी खुर्ची घ्या."

"आणि त्या दहा दारांत मी खोटी पडू?" त्या समोर बघत होत्या. "आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. पुन्हा सात वर्षं रुसली तर मला कुठून मिळायची?"

बर्फाच्या वादळातून बस नेणाऱ्या काकूंनी शेवटी खोकं उचललं आणि उतरल्या.

आर्डिथताईंनी दारातच सगळं ऐकून घेतलं.

"अजून कोणाला सांगितलंस?"

"दहा जणांना. तुम्ही शेवटच्या."

"शेवटची का?"

"भीती वाटत होती, ताई."

"शेत विकताना नाही वाटली?"

"तेव्हाही वाटली. म्हणूनच आले नव्हते."

मी काकूंच्या मागे उभी होते. आर्डिथताईंनी खोकं उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बंद केलं.

"जेवण संपतं किती वाजता?"

"नऊला."

"मग त्या रात्री साडेनऊला इथे ये. कोण काय बोललं, कोण रडलं, मांस किती वातड होतं, सगळं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

काकूंनी मान हलवली.

"आता आत ये बाई," आर्डिथताई म्हणाल्या. "दारात उभी राहून घरात माश्या सोडतेस. आणि त्या पोरीलाही घे, चेहरा बघ तिचा. भूत पाहिल्यासारखी उभी आहे."