तात्यांचा वर केलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही.

नव्वदच्या दशकात इंदापुरात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कडबाकुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या यंत्रात, हात अडकला की माणूस भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही. म्हणून मी एक जोडणी केली — मोकळा हात वर केला की प्रकाशावर चालणारा डोळा तो ओळखणार, लाल दिवा लागणार, कुट्टी थांबणार. हाताची खूण मात्र माझी नव्हती. ती कळस गावच्या तात्यांची. पूर्वी ते मेंढरं राखायचे. तळहात उघडून हात सरळ वर धरला की कळप जागीच थांबायचा.

"काय इंजिनेर, यंत्राचं मेंढरू करतोस व्हय?" ते हसायचे.

दुकानातल्या अंधारात डोळा चालायचा. उन्हात आंधळा व्हायचा. मला हे ठाऊक होतं. मग वडगाव निंबाळकरला, भर उन्हात, शेतकऱ्यांना यंत्र चालवून दाखवताना मी काय केलं? — पोत्याखाली एक बटण लपवलं. तात्यांनी हात उचलला, मी पायानं बटण दाबलं. कुट्टी थांबली.

"ही मी नेतो," तात्या सगळ्यांदेखत म्हणाले.

तेव्हा तरी बोलायचं होतं. पुढच्या आठवड्यात जाऊन दुरुस्त करू, असं — असं मनाशी म्हटलं.

चौथ्या दिवशी तात्यांचा डावा हात मनगटापासून गेला. उजवा त्यांनी वर धरला होता. सून धावत येऊन बटण बंद करेपर्यंत धरूनच होते.

दवाखान्यात मलाच म्हणाले, "तुजं यंत्र चांगलं हाय. माझाच हात वाकडा उठला आसंल."

आणि मी — मी म्हणालो, "व्हय तात्या, जरा तिरका गेला असंल."

काही महिन्यांनी कळसला गेलो. टळटळीत दुपार. तात्या अंगणात बंद कुट्टीसमोर उभे होते. उजवा हात वर, खाली, पुन्हा वर. रोज करतात, सून म्हणाली.

"आता सरळ जातोय का रं?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी डावा उचलला — सावकाश, नसलेला तळहात उघडावा तसा.

लाल दिवा लागला.

भर उन्हात. कुट्टीची वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली होती.

"बघ," तात्या म्हणाले, "हाताचीच चूक व्हती."

मी मान डोलावली.

तात्या गेले त्याला बरीच वर्षं झाली. हाताची चूक मनात धरूनच गेले. त्यांचा हात सरळच उठला होता.