कडेची बोटं

साडू वाईट माणूस असता तर फ्रेमवाल्याचं काम सोपं झालं असतं. तो पिऊन आला असता, बायकोवर खेकसला असता, निदान नेलेली शिडी वेळेवर परत केली नसती, तरी त्याच्यावर सुखानं जळता आलं असतं. पण साडू शिडी पुसून परत करणारा. वर विचारणार, "एक पायरी हलत होती, घट्ट करून दिलीय, चालेल ना?" फ्रेमवाल्यानं मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं होतं, मखमल.

हा मखमल लिफ्टा दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत ग्रीसमध्ये हात, आणि संध्याकाळी त्याच हातांनी फोनवर घरच्यांच्या फोटोंची पानं करायची. साधेसुधे फोटो घ्यायचे, कापायचे, एकमेकांवर तिरके चिकटवायचे, खाली दोन ओळी लिहायच्या आणि 'आपली माणसं' नावाच्या घरच्या ग्रुपवर टाकायचे. बस. एवढ्यावर सगळं सासर वेडं झालं होतं.

एकदा त्यानं दाराशी काढलेल्या सगळ्यांच्या चपलाबुटांचं पान केलं. एकेका जोडाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, कुणाचा आणि तो कुठकुठं चालून आलाय. एकदा स्वतःच्या बायकोचा, म्हणजे ताईचा, सोफ्यावर चष्मा लावून झोपल्याचा फोटो घेतला आणि मागे तिच्याच जुन्या फुलाफुलांच्या झग्याच्या कापडाचा फोटो ताणून पसरला. सासूबाईंच्या पानावर तर त्यांनीच फ्रीजवर लावलेली चिठ्ठी कापून चिकटवली होती: 'दूध संपलंय. मी अजून आहे.' ते पान बघून फ्रेमवाल्याची बायको हसता हसता डोळे पुसायला लागली.

"अहो, बघितलंत का भाऊजींचं?"

"बघितलं."

"मग टाका की काहीतरी खाली."

फ्रेमवाल्यानं अंगठा टाकला.

"सगळ्यांनी हृदय टाकलंय आणि तुम्ही अंगठा! घराचा कागद करून देताय का?"

"फोटो तिरके लागलेत," फ्रेमवाला म्हणाला.

"मुद्दाम लावलेत तिरके."

"मुद्दाम? माझ्याकडनं एक फ्रेम तिरकी गेली तर गिऱ्हाईक डोक्यात घालेल."

"म्हणून तर तुमच्याकडे कुणी हसत हसत येत नाही," बायको म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. फ्रेमवाला लग्नाआधीपासून दुसऱ्यांचे फोटो काचेत घालत आला होता. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे कोपरे टांगलेले, सोनेरी, काळे, शिसवी. मध्ये कापायचं टेबल, त्यावर काचेची भुकटी. कोपरा असा जुळवायचा की नख फिरवलं तर सांधा लागू नये. गिऱ्हाईक यायचं, फ्रेमकडे बघायचंच नाही, आतल्या फोटोकडे बघायचं आणि म्हणायचं, "वा, काय दिसतोय आमचा बाबा!" फ्रेमवाल्याला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. फ्रेम दिसली नाही म्हणजे चांगली झाली, असं तो धरून चालायचा. साडूची पानं यायला लागल्यावर मात्र हा हिशेब त्याला परवडेना.

दुपारी बायको डबा घेऊन दुकानात यायची. जेवण झालं की तयार झालेली फ्रेम दोन्ही हातांनी धरून उजेडात उभी राहायची, कारण गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा असायचा. "वर. अजून वर. डोकं खाली घे, टाळू दिसतेय." मग फोटो, मग डबा पिशवीत, मग ती घरी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

एके दिवशी ती दुकानातूनच ताईशी फोनवर बोलत होती. बायकोची पन्नाशी जवळ आली होती. फ्रेमवाला करवतीनं पट्टी कापत होता.

"नाही गं, कपडा नको, दागिना नको, आता घालून कुठं जायचंय? मला आपलं भाऊजींच्या हातचं एक पान मिळालं ना, झालं."

करवत पट्टीत अडकली. भाऊजींच्या हातचं! इथं घरातले दोन धडधाकट हात भुकटीनं पांढरे झाले होते, आणि हिला हवं होतं त्या ग्रीसवाल्याच्या हातचं. फ्रेमवाल्यानं पट्टी फेकून दिली. वाकडी कापली गेली होती. त्या दिवसापासून त्याच्या मनानं एकच घेतलं: पन्नाशीला हिच्या तोंडून 'तुमच्या हातचं' एवढं ऐकायचं. बाकी काही नाही.

आणि नेमका चार दिवसांनी मखमल दुकानात. खांद्याला हत्यारांची पिशवी, तोंडभर हसू.

"साडूराव, एक चोरटं काम आहे. मेहुणीबाईंच्या पन्नाशीला पान करतोय. आमच्या हिच्याकडे लहानपणचे फोटो आहेत, पण हल्लीचे, रोजचे, तुमच्याकडेच असणार. पाठवता का?"

फ्रेमवाल्याच्या तोंडातून पडलं, "गेले."

"कुठं गेले?"

"फोन बादलीत पडला गेल्या महिन्यात. सगळं धुऊन निघालं."

"अरेरे! मला सांगायचं की हो. तांदळात ठेवला असता." साडूला खरोखर वाईट वाटलं. त्याचा चेहराच उतरला. हेच तर त्या माणसाचं असह्य होतं.

फ्रेमवाल्यानं मग खिळ्यांचा डबा आवरत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाकी, ते करायचं कसं असतं म्हणे? दुकानाच्या जाहिरातीला होईल असं वाटलं."

साडू लगेच स्टूल ओढून बसला. फोन काढला. कुठं दाबायचं, फोटोच्या कडेनं बोट फिरवून माणूस कसा कापून घ्यायचा, मागे रंग कसा भरायचा, सगळं सांगितलं. हातचं काहीही राखलं नाही. "आणि एक ऐका. मूळ फोटोला हात लावायचा नाही, कॉपी कापायची. नटूनथटून काढलेला फोटो शक्यतो नकोच. माणूस आपल्या नादात असतानाचा घ्या. आणि फोटोत पसारा असेल तर राहू द्या. पुढं जाऊन बघणारा पसाराच आधी बघतो."

"जाहिरातीत पसारा?"

"हां, जाहिरातीत आवरा जरा," साडू म्हणाला आणि हसत गेला. जाताना दुकानाचं कुरकुरणारं दार उचलून बिजागरीत बसवून गेला. कुरकुर थांबली. फ्रेमवाल्याला ती शांतता दिवसभर टोचली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बायको गेल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं आणि फोन उघडला. आता दाखवतो मखमलला. बायकोचे फोटो शोधायला लागला. आजोबा निघाले, लोकांचे. लग्नं निघाली, लोकांची. कुत्रे, पदव्या, बोटीवर उभी जोडपी, शाळेचे वर्ग, बक्षीस घेणारी मुलं. सगळी दुसऱ्यांची घरं त्याच्या फोनमध्ये दाटीवाटीनं राहत होती. बायको सापडली ती तीन ठिकाणी: एकात डोळे मिटलेली, एकात पाठमोरी, आणि एकात 'नको हो' म्हणताना हललेली, म्हणजे नुसता धूर.

फ्रेमवाला स्टुलावर बसला. साडूला मारलेली थाप जवळजवळ खरी निघाली होती. फोन बादलीत न पडताच कोरडा होता.

त्याला राग आला, स्वतःचा यायला हवा होता, पण सवयीनं साडूचाच आला. तो असता तर त्यानं शंभर काढले असते. ती भांडी घासताना काढली असती, दात घासताना काढली असती. आपण काय केलं? लोकांच्या बाबांचे फोटो काढले. तो ते फोटो चिडून वर सरकवत राहिला, आणि सरकवता सरकवता एका फोटोवर थांबला.

कुणाच्या तरी पणजीची काळी फ्रेम. दोन्ही कडांना बोटं. डाव्या तर्जनीला चिकटपट्टी.

गिऱ्हाइकाला पाठवताना तो फोटो कडेनं कापायचा, म्हणजे बोटं, चपला, टाळू निघून जायची आणि नुसती फ्रेम राहायची. कापलेला फोटो जायचा. मूळ मात्र, पुसायचा कंटाळा म्हणून, फोनमध्येच पडून होता. तो मागे गेला. अजून मागे. प्रत्येक फ्रेमच्या कडेला तीच बोटं. वर भांग, केस आधी काळे, मग करडे. खाली त्याच चपला, मग दुसऱ्या चपला.

आता तो उलटं कापायला बसला. आतला बाबा काढायचा, पणजी काढायची, नवरानवरी काढायची, तिथं माउंटचा, म्हणजे फोटोभोवती लावतात त्या पुठ्ठ्याचा, फिका रंग भरायचा, आणि कडा ठेवायच्या. रिकाम्या फ्रेमा आणि त्या धरणारे हात. पहिल्यांदा त्यानं सवयीनं सगळे ओळंब्यात लावले. भिंतीवरच्या फरशांसारखे दिसले. दात ओठ खाऊन त्यानं एक तिरका केला. मग दुसरा. बरं दिसलं, याचाही त्याला राग आला.

खाली ओळी लिहिताना त्याचं बोट अडखळत होतं, पण आठवत सगळं होतं.

'चिकटपट्टी: डब्याच्या झाकणानं कापलं.'

'इथून पुढं अंगठी नाही. घट्ट झाली, साबण लावून काढली.'

'माझी आई गेली तो आठवडा. येऊ नको म्हटलं तरी आली.'

'ही फ्रेम फार जड होती. बोलली नाही.'

'सकाळी भांडण झालेलं. बोटं किती घट्ट आहेत बघा.'

पन्नाशीच्या दिवशी सकाळी चहा उकळत असतानाच त्यानं पान ग्रुपवर टाकलं, साडूच्या आधी. मग टेबलाशी बसून पेपर उघडला. बायकोचा फोन वाजला. तिनं चष्मा शोधला, लावला, पुसला, पुन्हा लावला.

"माझं तोंड कुठाय?"

पेपरामागून आवाज आला, "भांग दिसतोय की."

"पन्नास वर्षं पुरी केली मी, आणि तुम्ही मला भांग देताय!"

फ्रेमवाल्यानं न वाचताच पेपराचं पान उलटलं. ती मात्र दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायला लागली होती. एकेक हात. चहा उतू गेला तरी उठली नाही. तेवढ्यात ग्रुपवर साडूचं आलं: 'साडूराव! जबरदस्त! फोन वाळला वाटतं?'

"कसला फोन वाळला?" बायकोनं मान वर केली.

फ्रेमवाल्यानं पेपर अजून वर धरला. तिनं तो खाली ओढला. सांगावं लागलं.

"म्हणजे भाऊजींना फोटो द्यायचे नव्हते म्हणून बादली?"

"हो."

"जळत होतात त्यांच्यावर?"

"होतो कशाला? जळतोय."

ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. तेवढ्यात साडूचं पान आलं. त्यात ती दोन वेण्यांत होती, झाडावर होती, ताईच्या लग्नात तोंड भरून हसत होती. तोंडच तोंड. तिनं "अय्या!" म्हणून लगेच हृदय टाकलं. लालभडक.

फ्रेमवाल्याच्या पानाखाली सासूबाईंचं हृदय होतं, ताईचं होतं, साडूची तर पाच होती. बायकोचं नव्हतं. दुकानात जाऊन त्यानं पट्टी कापली आणि फोन बघितला. काच पुसली आणि फोन बघितला. नव्हतं.

दुपारी ती डबा घेऊन आली. जेवण झालं. शेवटी त्याला राहवलं नाही.

"भाऊजींना टाकलंस हृदय."

"टाकलं."

"मला नाही टाकलंस."

"त्यांचं पान बघितलं, आवडलं, दाबलं, झालं," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "तुमच्या हातचं अजून बघून झालं नाही माझं."

फ्रेमवाला भिंतीवरचे कोपरे उगाच सरळ करायला लागला, ते सरळच होते.

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांची फ्रेम तयार होती. तिनं ती उचलली आणि उजेडात उभी राहिली.

"वर. अजून वर. डोकं खाली."

डोकं खाली गेलं नाही. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर हनुवटी टेकवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अगं, तोंड येतंय."

"येऊ दे."

त्यानं फोटो काढला. बोट सवयीनं कापायच्या खुणेकडे गेलं, तिथंच घुटमळलं, आणि त्यानं तो न कापता तसाच मास्तरांना पाठवला. मास्तरांचं उत्तर तिथल्या तिथं आलं: 'सुंदर!' आणि पुढे हृदय.

फ्रेमवाल्याच्या कपाळावर आठ्या आल्या. "याला हृदय टाकायची काय गरज होती?"

"अहो, फ्रेमला टाकलंय त्यांनी."

"फ्रेमला अंगठा टाकतात."

ती हसायला लागली, हातातली फ्रेम गदगदा हलायला लागली.

"हलवू नकोस, काच आहे," असं म्हणत त्यानं फोन पुन्हा वर धरला आणि अजून एक काढला. हा मास्तरांना पाठवायचा नव्हता.