वेरूळचा डावरा कारागीर

अण्णांना नवी भिंत दिसली की ते आधी तिच्यावरून हात फिरवत आणि मग घरातल्या माणसाला नमस्कार करत. दोन हजार वीस साली सगळं जग कशालाही हात लावायला घाबरत होतं. तेव्हा हे गृहस्थ आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातल्या भिंती चाचपत हिंडत आणि मागून त्यांचा मुलगा समीर सॅनिटायझरची बाटली घेऊन. मी समीरच्या घरात एक खोली भाड्याने घेतली होती. अण्णा दोन महिन्यांसाठी खुलताबादहून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे जवळजवळ वर्षभर अडकले.

शेजारच्या जॉनच्या कुंपणाच्या भिंतीतला एक ढिला दगड त्यांनी न विचारताच उपसून पुन्हा बसवला. "दगडाला तोंड असतं. ते बघून बसवला तर हालत नाही," त्यांनी जॉनला चक्क मराठीत समजावलं. जॉन म्हणाला, "दॅट्स ग्रँड." तेव्हापासून अण्णांना वरणसुद्धा ग्रँड लागायला लागलं.

चाळीस वर्षं त्यांनी देवळांचे दगड घडवले होते. समीर मात्र कुणी विचारलं की "वडील कन्स्ट्रक्शन लाईनमध्ये होते" एवढं पुटपुटून विषय बदलायचा. अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मला समीरचा राग यायचा, पण मी तरी कुठली शहाणी?

घरात कोंडून घेतल्यावर मला परग्रहवासीयांचं वेड लागलं होतं. व्हिडिओ बघून बघून माझी खात्रीच झाली की वेरूळचं कैलास लेणं हे माणसाचं काम नव्हे. गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या ऑनलाइन कार्यक्रमात मी त्यावर बोलणार होते. तालीम अण्णांसमोर केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाकरी कुणी थापल्या?"

"कसल्या भाकरी?"

"शंभर माणसं दगडावर असली की वीस बायका चुलीपाशी लागतात. तुह्या गोष्टीत चूलच नाही."

मी चिडले. लॅपटॉपवर लेण्याच्या भिंतीचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मशीनशिवाय हे होईल का, सांगा. अण्णांनी चष्मा चढवला.

"हा डावरा होता," ते म्हणाले. "छिन्नीचे घाव बघ, उलट्या अंगानं तिरके पडलेत." मग बोट जरा खाली सरकलं. "आन् हितं दमलाय. घाव उथळ झालेत. दिवस मावळला असंल."

तो फोटो मी शंभरदा पाहिला होता. त्यात मला एकदाही माणूस दिसला नव्हता.

"आमची नावं तर कुठंच कोरत नाहीत, बाई," अण्णा हसत म्हणाले. "होतं ते कामबी आता वरच्यांना देऊन टाकता?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली.

कार्यक्रमात मी माझं भाषण गुंडाळलं आणि लॅपटॉप अण्णांपुढे सरकवला. ते त्या डावऱ्याबद्दल असं बोलले की जणू कालच दोघं एका परातीत जेवले होते. शेवटी कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही पुरातत्त्व खात्यात होतात का?"

अण्णांनी सवयीने समीरकडे पाहिलं. समीर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर येऊन बसला. "नाही," तो म्हणाला. "माझे वडील पाथरवट आहेत. दगड घडवतात."

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

जानेवारीत त्यांना विमान मिळालं. त्यांना विमानतळावर सोडून समीर आणि मी ड्रोहेडाला परतलो. घरापाशी गाडी थांबवून तो उतरलाच नाही. "अण्णांनी घडवलेलं एकही देऊळ मी कधी नीट बघितलेलं नाही," तो म्हणाला.