टाचण्या लावलेली कमिटी

घारपुऱ्यांनी पोस्टर माझ्या कापायच्या टेबलावर पसरलं आणि ते गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर माझ्याच कात्र्या ठेवल्या.

"मावशी, ह्या पट्टीचा निळा बघून घ्या. वेस्टकोट ह्याच निळ्याचे हवेत. शनिवारी कमिटीच्या सात जणांची ट्रायल. ती ओके झाली की बाकीचे पन्नास. पुढच्या आठवड्यात डिनर आहे, स्टेजच्या मागे हे पोस्टर लागणार."

मी निळा रंग बघितलाच नाही. पोस्टरवर एक मुलगी रायफल धरून उभी होती. तिच्या अंगातलं जॅकेट मी शिवलेलं होतं.

माझं दुकान दुबईत अल क्वोजमध्ये आहे, एका गॅरेजच्या मागच्या अंगाला. वय एकाहत्तर. शिक्षण चौथी. नवरा सोफ्यांची कव्हरं शिवायचा. तो गेल्यावर मशीन मी हातात घेतलं आणि नेमबाजांची जॅकेटं शिवायला लागले, कारण ती शिवणारं इथे दुसरं कोणी नव्हतं.

हे जॅकेट म्हणजे काय ते सांगते. रायफलच्या स्पर्धेत पोरं जाड कॅनव्हासचं जॅकेट घालतात. त्याने शरीर स्थिर राहतं. पण फार जाड केलं तर जॅकेटच बंदूक तोलून धरतं, पोराला काही करायला उरत नाही. म्हणून नियम आहे. कापड अडीच मिलिमीटरच्या वर जाड नको. स्पर्धेआधी ते यंत्रात धरून मोजतात. जास्त भरलं तर त्या जॅकेटने खेळायचं नाही.

बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतो तिथे एक पॅच असतो. कोपरांवरही असतात. त्या पॅचचे कोपरे मी मशीनवर शिवत नाही, हाताने शिवते. एकाच दोऱ्याला दोन सुया, एक इकडून आणि एक तिकडून, भोक तेच. मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते. ही उसवत नाही. माझा बाप कोल्हापुरात टांग्याच्या घोड्यांचा साज असाच शिवायचा. शेवटचे तीन टाके तो तिरके घालायचा, मीही घालते. पोस्टर मोठं होतं. तिरके टाके दिसत होते.

शिवाय दस्त्याचा पॅच डाव्या खांद्यावर होता. डावखुऱ्याचं जॅकेट मी आजवर एकच शिवलंय.

"ही मुलगी कोण?" मी विचारलं.

"रत्नागिरीकडची. शेतकऱ्याची मुलगी. तिची स्टोरी ऐकलीत तर डोळ्यांत पाणी येईल, मावशी."

"नाव काय तिचं?"

"नाव आम्ही गुप्त ठेवलंय. तिच्या सेफ्टीसाठी."

मुलीच्या डोक्यावर टोपी होती आणि नेमबाज लावतात तशी डोळ्याच्या बाजूला झापड. चेहरा कोणाला कळला नसता. मागे भाताचं शेत चिकटवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'वडिलांची परवान्याची बंदूक जमा झाली आणि हिचं स्वप्नही. शेतकरी आणि खेळाडूंच्या हक्कासाठी सढळ हाताने मदत करा.' त्याखाली बँकेचा नंबर.

मागणी खोटी नव्हती. आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायला लावतात. नेमबाजांना त्यातून सूट मिळते. ज्याच्या शेतात रानडुकरं घुसतात त्याला सहसा मिळत नाही. त्याविरुद्ध कोर्टात जायचं, म्हणून ही कमिटी पैसे गोळा करत होती. पण ह्या देशात सरकारी परवानगी असलेल्या संस्थेशिवाय कोणालाही वर्गणी मागता येत नाही. मोबाइलवरसुद्धा नाही. दंड आहे, जेल आहे. इथे चार वर्षं काढलेला माणूसही हे जाणतो. घारपुरे बावीस वर्षं इथे होते.

मी त्यांचं माप घेतलं, बाकी सहा जणांची त्यांनी लिहून आणलेली मापं ठेवून घेतली आणि ॲडव्हान्स घेतला. रंग जुळवायला पोस्टर ठेवून ते गेल्यावर माझा कारागीर रफिक पुढे आला.

"अम्मा, वो जॅकेट तो अपना माल है."

"मालूम है. चुप बैठ."

गप्प बसले त्याला कारण होतं. घारपुऱ्यांना एकट्याला विचारलं असतं तर 'प्रिंटरची चूक' म्हणून पोस्टर गुंडाळून नेलं असतं आणि दुसरीकडून वेस्टकोट शिवून घेतले असते. कमिटीतल्या बाकीच्यांना पत्ता लागला नसता.

मी मापाची वही काढली. मला भराभर लिहिता येत नाही, म्हणून वहीत मी चित्रं काढते. उंच माणूस म्हणजे खजुराचं झाड. डावखुरा म्हणजे डावा पंजा. पंजा एकाच पानावर होता. सई लिमये, वय सोळा, मोहम्मद बिन झायद सिटी. वडील इंजिनिअर. मी फोन लावला आणि पोस्टर, शनिवारची ट्रायल, सगळं सांगितलं.

लिमये घाबरले. "विमलताई, तो फोटो मी नेमबाजीच्या क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. घारपुरे त्या ग्रुपमध्ये आहेत."

"मग आता काय करायचं?"

"गप्प राहू या. वर्गणीच्या पोस्टरवर सई आहे हे क्लबला कळलं तर तिला काढतील. दोन महिन्यांवर सिलेक्शन आहे. पोलिस केस झाली तर माझा व्हिसा, नोकरी..."

"पोस्टर स्टेजवर लागल्यावर कळणार नाही होय? तिथे दोनशे माणसं मोबाइल घेऊन बसणार."

मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, गिव्ह मी द फोन. आजी, व्हेन इज द ट्रायल?"

"शनिवारी अकराला."

"आय'म कमिंग. इट्स माय जॅकेट."

शनिवारी कमिटी आली. सात माणसं आणि माझं दहा बाय वीसचं दुकान. मी सगळ्यांना एकदमच वेस्टकोट चढवायला लावले. ट्रायलचे कपडे कच्च्या दोऱ्यावर असतात, आणि फिटिंग नक्की करायला जागोजागी टाचण्या लावाव्या लागतात. मी आणि रफिकने प्रत्येकाला पंधरा-वीस टाचण्या लावल्या. काखेत, कमरेला, मानेमागे. घारपुऱ्यांना मी जरा जास्तच लावल्या.

"हात वर ठेवा. खाली आणले तर टोचेल."

सात जण हात वर करून उभे राहिले.

"मावशी, बंदुकीवाल्या कमिटीला हँड्स अप केलंत," मांडवकर म्हणाले. हे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका फॅक्टरीत फोरमन आहेत. मूळचे चिपळूणकडचे, भाऊ गावी शेती करतो. सगळे हसले. मीही हसू दिलं.

मग मी रफिकला म्हटलं, "पोस्टर लगाओ." त्याने ते समोरच्या भिंतीवर ठोकलं. मी आतल्या खोलीचं दार उघडलं. सई बाहेर आली, मागे लिमये. तिच्या अंगात ते जॅकेट होतं. ती पोस्टरच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि डावा खांदा पुढे केला.

सगळ्यात आधी रानडे ओरडले. ते क्लबमध्ये मुलांना नेमबाजी शिकवतात. "अरे, ही तर आपली सई!"

"तुम्ही पोस्टर बघितलं नव्हतं?" मी विचारलं.

"मोबाइलवर, अंगठ्याएवढं. मी वाचलंच नाही नीट. चूक झाली माझी."

"घारपुरे, ही रत्नागिरीची का? नाव गुप्त ठेवलेली?"

घारपुऱ्यांनी हात खाली आणला आणि लगेच वर नेला. "मावशी, त्याला प्रातिनिधिक फोटो म्हणतात. सगळे वापरतात."

"पोस्टरवर तसं लिहिलंय?"

"जागा नव्हती."

"आणि ती शेतकऱ्याची मुलगी? तिची स्टोरी? ती तरी आहे का कुठे?"

"अशा अनेक असतील ना! लोकांना आकडे सांगून कोणी हात सैल करत नाही. शेतकरी दाखवावा लागतो, पोरगी दाखवावी लागते. मेन मागणी वेगळी आहे, ती पटवायला वेळ लागतो."

मांडवकरांचं हसू गेलं. "मेन मागणी वेगळी म्हणजे?"

"वकिलाच्या ड्राफ्टमध्ये आहे. स्वसंरक्षणासाठी प्रत्येक घराला परवाना. शेतकरी आणि खेळाडू त्यात येतातच की."

"ड्राफ्ट आम्हांला का नाही दाखवला?"

"दाखवला असता तर तुम्ही असेच भांडला असता."

आणि ते भांडलेच. मांडवकर म्हणाले, "माझ्या भावाला बंदूक डुकरासाठी हवीय, शेजाऱ्यासाठी नाही. गावात घराघरांत बंदूक आली तर बांधावरून रोज एक मुडदा पडेल. ह्यासाठी पैसे दिले मी? डुकराच्या नावावर?" रानडे म्हणाले, "खेळाडूंना सूट आहे ती तुमच्या ह्या मागणीने जाईल, घारपुरे. सरकार म्हणेल, सगळेच मागतायत, मग कोणालाच नको."

घारपुऱ्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्हांला काय माहीत? माझे वडील पुण्याच्या बाहेर एकटे राहत होते. चोर शिरले. बांधून घातलं त्यांना. पोलिस दोन तासांनी आले. परवान्यासाठी त्यांनी सहा वर्षं अर्ज केले होते, त्याआधी. ते परत कधी नीट झोपले नाहीत. मी ही मोहीम कशासाठी करतोय?"

ही गोष्ट खरी होती. ते ऐकताना कळत होतं.

मी म्हटलं, "मग हे छापा. वडिलांचा फोटो लावा, नाव लिहा. तुमचं दुखणं खरं आहे, तर दुसऱ्याच्या पोरीला पुढे कशाला उभं करता?"

घारपुऱ्यांनी पोस्टरकडे पाठ फिरवली.

सई म्हणाली, "अंकल, यू डिडन्ट इव्हन आस्क मी."

"बेटा, तुझा चेहरा दिसत नाही त्यात."

"माय कोच रेकग्नाइज्ड मी इन वन सेकंद."

मी घड्याळ बघितलं. "ऐका. मला पोलिसांत जायचं नाही. सगळ्यांच्या घरी पोरंबाळं आहेत. पण पोस्टर आत्ता काढायचं, मोबाइलवरचंसुद्धा. डिनर कॅन्सल. ज्यांनी पैसे दिले त्यांना परत. इथे वर्गणी खलास. हे सगळं होईपर्यंत मी कोणाची एक टाचणी काढणार नाही."

"मावशी, हा ब्लॅकमेल आहे!"

"ही ट्रायल आहे. हात वर ठेवा."

रानड्यांनी सगळ्यात आधी हसून मान हलवली. ते म्हणाले, "घारपुरे, कमिटीचं मत घेऊ. ज्यांना पैसे परत करायचेत त्यांनी हात वर करा." मग त्यांच्याच लक्षात आलं की हात सगळ्यांचे आधीपासून वरच आहेत. मांडवकर इतके हसले की त्यांना काखेत टोचलं.

घारपुऱ्यांचा मोबाइल मी त्यांच्या खिशातून काढून हातात दिला. उजवा हात तेवढा खाली आणू दिला, त्या बाजूच्या टाचण्या काढून. पोस्टर तीन ग्रुपवर होतं. तिन्हीकडून त्यांनी ते डिलीट केलं आणि खाली लिहिलं, 'फोटो परवानगीशिवाय वापरला होता, माहिती खरी नव्हती, सर्वांचे पैसे परत करत आहोत.' हे शब्द रानड्यांनी सांगितले. पैसे देणारे एक्केचाळीस जण होते. घारपुऱ्यांच्या पुण्याच्या खात्यातून एकेकाला परत जात होते आणि मांडवकर मोठ्याने नावं वाचत होते. दीड तास लागला. रफिकने सगळ्यांना चहा पाजला. कप मीच त्यांच्या तोंडाला लावले, पाहुण्यांना उपाशी ठेवायची माझी पद्धत नाही.

शेवटचं नाव झालं तेव्हा मी म्हटलं, "यल्ला, चला, आता टाचण्या काढते."

घारपुरे जाताना म्हणाले, "मावशी, तुम्ही माझी मोहीम संपवलीत."

"मी जॅकेट ओळखलं. बाकी सगळं तुम्हीच बोललात."

सात वेस्टकोटांचे पैसे मी त्यांच्याकडून पूर्ण घेतले. नगाला सत्तर दिरहॅम, म्हणजे सोळाशे रुपयांच्या वर. शिवणं झालं होतं, ते मी का सोडू? पन्नासांचं निळं कापड एका हॉटेलच्या वेटरांना लागलं.

दोन महिन्यांनी सईचं सिलेक्शन झालं. त्याआधी ती वाढली होती, म्हणून जॅकेटच्या बगला मी सैल केल्या होत्या. यंत्रात धरलं तेव्हा कापड नियमात बसलं. ती दुसरी आली आणि टीममध्ये गेली. पहिल्या आलेल्या मुलीच्या जॅकेटचे कोपरे उसवले होते. ती आता माझी गिऱ्हाईक आहे.

मांडवकरांच्या भावाने आणि गावातल्या आणखी दोघांनी बंदूक जमा करण्यातून सूट मागणारा स्वतःचा अर्ज स्वतः केला. सोबत डुकरांनी खाल्लेल्या भाताचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, तिघांची नावं आणि पत्ते. सगळं खरं. पुढच्या निवडणुकीत तिघांच्याही बंदुका घरीच राहिल्या. इथून कोणाचा एक दिरहॅम लागला नाही. भावाने त्याच शेताचा तांदूळ पाठवला. बरा होता, थोडा जुना हवा होता.

घारपुऱ्यांनी पुण्यात नवी मोहीम काढली असं रानडे सांगतात. पोस्टरवर वडिलांचा फोटो, खाली नाव आणि मागणी स्पष्ट लिहिलेली. घराघरांत बंदूक मला पटत नाही आणि कधी पटणार नाही. पण पोस्टर खरं आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ह्या सगळ्यातून मी धंद्याची एक गोष्ट शिकले. गिऱ्हाइकाला काही विचारायचं असेल तर आधी टाचण्या लावाव्यात, मग विचारावं.